क्वेरी इथं, डेटा तिकडं: दूरच्या हडूप क्लस्टरला ट्रिनो जोडताना

प्रश्न असा आहे: आमचं आठ मशिनांचं ट्रिनो (अनेक मशिनांवर मिळून एसक्यूएल क्वेरी चालवणारं इंजिन) क्लस्टर आहे, एक कोऑर्डिनेटर (काम वाटून देणारा) आणि सात वर्कर (ते करणारे). डेटा मात्र दुसऱ्या डेटा सेंटरमधल्या हडूप क्लस्टरवर (हडूप म्हणजे डेटा अनेक मशिनांवर वाटून ठेवणारी व्यवस्था), हाइव्हच्या (त्या फाइलींना टेबलांचं रूप देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टेबलांमध्ये पडलेला आहे. तिकडच्या टीमकडून मेटास्टोअर आणि नेमनोड अशी दोन पोर्ट उघडून घेतली. टेबलांची यादी दिसते, कॉलम दिसतात; पण सिलेक्ट टाकला की क्वेरी शून्य टक्क्यांवर बसून राहते आणि काही मिनिटांनी ‘ब्लॉक मिळाला नाही’ अशी एरर देऊन मरते. आमच्याकडेही हडूप बसवावं लागेल का? आणि मुळात इतक्या लांबून क्वेरी चालवणं बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं: नाही. ट्रिनोला हडूपची फक्त क्लायंट लायब्ररी लागते आणि ती त्याच्यासोबतच येते. (नव्या आवृत्त्यांत एचडीएफएस, म्हणजे हडूपची फाइल सिस्टम, आपोआप चालू नसतं, कॅटलॉगच्या, म्हणजे डेटाच्या स्रोताची माहिती असलेल्या, फाइलमध्ये मुद्दाम चालू करावं लागतं. जुनी कॅटलॉग फाइल तशीच उचलून नव्या आवृत्तीत ठेवणारे पहिली ठेच इथंच खातात.) दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. म्हणून आधी तुमची अडकलेली क्वेरी सोडवू.

ट्रिनोची एक साधी सिलेक्ट तीन दारं ठोठावते. पहिलं हाइव्ह मेटास्टोअरचं, बहुधा ९०८३ पोर्टवर. टेबल कुठलं, कॉलम कुठले, पार्टिशन (टेबलाचे विभाग) किती, आणि डेटा कोणत्या फोल्डरात आहे, हे तिथं कळतं. दुसरं नेमनोडचं, बहुधा ८०२०, काही ठिकाणी ९०००. त्या फोल्डरात फाइली कोणत्या आणि प्रत्येक फाइलचे ब्लॉक (तुकडे) कुठल्या डेटानोडवर (डेटा प्रत्यक्ष ठेवणाऱ्या मशीनवर) आहेत, एवढंच तो सांगतो. डेटाचा एक बाइटही नेमनोडमधून जात नाही. तिसरं दार डेटानोडांचं, आणि ते एक नाही, तिकडे जितके डेटानोड तितकी दारं. हडूप २ मध्ये हे पोर्ट मुळात ५००१० होतं, हडूप ३ मध्ये ९८६६ झालं, आणि केर्बेरॉस (तिकिटांनी ओळख पटवणारी सुरक्षा) लावलेल्या जुन्या धाटणीच्या क्लस्टरांवर १००४ सापडतं. अंदाज करू नका, तिकडच्या माणसाला विचारा.

तुम्ही दोन दारं उघडली आणि तिसरं राहिलं. शो टेबल्स आणि डिस्क्राइब ही मेटास्टोअरपाशीच संपणारी कामं आहेत, त्यामुळे ती चालली म्हणजे घोडं गंगेत न्हालं असं वाटतं. खरं तर ते अजून काठावरही आलेलं नसतं.

क्वेरी लगेच न मरता काही मिनिटं का लोंबकळते, तेही बघण्यासारखं आहे, कारण त्या वेळेतच निदान दडलेलं असतं. डेटानोडशी जोडणी व्हायची मुदत मुळात ६० सेकंद असते. फायरवॉल पॅकेट मुकाट गिळत असेल तर क्लायंट पहिल्या डेटानोडची ६० सेकंद वाट बघतो, मग दुसऱ्या प्रतीकडे वळतो, मग तिसऱ्या. दर ब्लॉकच्या बहुधा तीन प्रती, म्हणजे तीन मिनिटं. मग तो नेमनोडला पुन्हा पत्ते विचारतो आणि तीच फेरी परत सुरू. शेवटी थकून ‘ब्लॉक मिळाला नाही’ म्हणतो. ब्लॉक जागेवरच असतो, आपल्याला तिथं जाता येत नाही इतकंच. याउलट एरर क्षणात आली आणि तिच्यात ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर पॅकेट मशीनपर्यंत पोचतंय, पण पोर्ट चुकलंय किंवा सेवा बंद आहे. उशीर झाला तर फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता, झटपट नकार आला तर पोर्ट. एवढा ठोकताळा लक्षात ठेवला तरी अर्धा दिवस वाचतो.

आता कोण कुणाशी बोलतं ते नीट बघा. मेटास्टोअरशी बोलणं आणि फाइलींची यादी काढणं हे मुख्यतः कोऑर्डिनेटरचं काम. पण फाइल उघडतो तो वर्कर. म्हणजे प्रत्येक वर्करला नेमनोडही लागतो आणि प्रत्येक डेटानोडही. फायरवॉलच्या अर्जात ‘आमचा सर्व्हर’ म्हणून फक्त कोऑर्डिनेटरचा पत्ता लिहिलेला मी इतक्या वेळा पाहिलाय की हल्ली अर्ज आधी स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तुमचे सात वर्कर आणि समजा तिकडचे चाळीस डेटानोड, म्हणजे २८० जोड्या. त्या सगळ्या तपासायच्या. हाताने नव्हे: प्रत्येक वर्करवर नेटकॅटची (पोर्ट उघडं आहे का ते बघणाऱ्या कमांडची) एक छोटी लूप फिरवा, डेटानोडांची यादी एका फाइलीत, मुदत दोन सेकंद, आणि जी जोडी बोलली नाही तिचीच ओळ छापा. डेटानोडांची यादी तिकडच्या ॲडमिनला डीएफएसॲडमिन या कमांडच्या रिपोर्टमधून एका मिनिटात मिळते.

आणि तपासणी म्हणून ‘लिमिट १०’ची क्वेरी कृपया चालवू नका. ती एकदोन फाइली वाचून परत येते. ज्या डेटानोडवर ती गेली तो नेमका उघडा असेल तर सगळं आलबेल दिसतं. एखाद्या मोठ्या टेबलावर एका कॉलमची बेरीज मागा, म्हणजे बहुतेक सगळी दारं वाजतात.

यावरून एक जुनी रात्र आठवली. जोडणी होऊन कित्येक महिने झाले होते, सगळं सुरळीत. एका सोमवारपासून तक्रारी सुरू झाल्या की क्वेऱ्या कधीकधी मंद होतात. फेल होत नाहीत, निकाल बरोबर येतो, नुसत्या मंद. त्याच क्वेरीला एकदा ४० सेकंद, पुढच्या वेळी १०० सेकंद, एकदा १६०. लिंक तपासली, वर्करांची मेमरी तपासली, जीसीचे (मेमरी साफ करणाऱ्या प्रक्रियेचे) लॉग चाळले. कशातच काही नाही. शेवटी वेळांची यादी कागदावर लिहिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: फरक नेहमी साठाच्या पटीत. शनिवारी तिकडच्या टीमनं सहा नवे डेटानोड जोडले होते आणि फायरवॉलच्या यादीत ते नव्हते. ब्लॉकची एक प्रत नव्या नोडवर आणि दोन जुन्यांवर असली की क्लायंट नशिबानं कधी जुन्याकडे आधी जायचा, कधी नव्याकडे जाऊन ६० सेकंद घालवून मग जुन्याकडे. तीन प्रतींची सोय बिघाड झाकून ठेवत होती. तेव्हापासून माझा आग्रह एकच: फायरवॉलमध्ये सुटे पत्ते लिहू नका, डेटानोडांचा अख्खा सबनेट (पत्त्यांचा पट्टा) लिहा. तिकडची सुरक्षा टीम कुरकुर करेल. करू द्या. सुट्या पत्त्यांची यादी कुणीच ताजी ठेवत नाही.

दारं उघडली की पुढची अडचण नावांची. नेमनोड डेटानोडचा जो पत्ता देतो, तो डेटानोडनं स्वतःची नोंद करताना दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो तिकडच्या आतल्या नेटवर्कचा आयपी असतो. तुमच्या बाजूनं तो आयपी एकतर कुठंच पोचत नाही, किंवा (हे जास्त वाईट) तुमच्याच नेटवर्कमधल्या भलत्याच मशीनवर पोचतो. यावर उपाय क्लायंटच्या बाजूला आहे: ‘डीएफएस.क्लायंट.यूज.डेटानोड.होस्टनेम’ हा पर्याय चालू करा. मग क्लायंट आयपी सोडून होस्टनेम वापरतो, आणि ते होस्टनेम कुठल्या आयपीवर जायचं ते तुमचा डीएनएस ठरवतो. अर्थात तुमच्या आठही मशिनांवर त्या सगळ्या नावांचे आयपी सापडले पाहिजेत. होस्ट्स फाइलमध्ये चाळीस ओळी चिकटवून काम भागतं, पण वर सांगितलेल्या सहा नव्या नोडांची गोष्ट तिथंही घडते. जमत असेल तर डीएनएसमध्येच त्यांचा झोन फॉरवर्ड करून घ्या.

दुसरं नाव नेमसर्व्हिसचं. तिकडे हाय अव्हेलेबिलिटी असेल, म्हणजे एक नेमनोड कामावर आणि एक राखीव, तर टेबलांच्या पत्त्यात मशीनचं नाव नसतं. तिथं एक कल्पित नाव असतं, उदाहरणार्थ ‘नेमसर्व्हिस१’. ते डीएनएसमध्ये कुठंच सापडणार नाही. क्लायंटच्या एचडीएफएस-साइट फाइलमध्ये त्याचा अर्थ सांगावा लागतो: या नावाखाली हे दोन नेमनोड, त्यांचे पत्ते हे, आणि एक पडला तर दुसरा शोधायची पद्धत ही. हे नसेल तर ‘अननोन होस्ट’ अशी एरर येते आणि नवखा माणूस नेटवर्कवाल्यांच्या मागे लागतो. त्यांचा काहीही दोष नसतो.

इथं एक मोह होतो: तिकडच्या कोअर-साइट आणि एचडीएफएस-साइट या दोन्ही फाइली जशाच्या तशा आणून ठेवायचा. सुरुवातीला चालतं. पण त्या फाइली सर्व्हरच्या असतात. त्यांत तिकडच्या डिस्कचे रस्ते, तिकडच्या रॅकची स्क्रिप्ट, तिकडे बसवलेल्या पण तुमच्याकडे नसलेल्या कॉम्प्रेशन कोडेकचे क्लास, असं बरंच सामान असतं, आणि ते कधी ना कधी पायात येतं. मी कोऱ्या फाइलपासून सुरू करतो आणि लागेल तेवढंच घालतो: नेमसर्व्हिसची माहिती, होस्टनेमचा पर्याय, सुरक्षेच्या सेटिंग. पंधरा-वीस ओळींच्या वर जात नाही. ही फाइल सगळ्या मशिनांवर, एकाच जागी, एकसारखी हवी. एका वर्करवर जुनी राहिली तर त्याच्याकडे काम गेलेली क्वेरी रडते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

लॅब छापाच्या क्लस्टरवरचा एक गमतीचा प्रकार राहिलाच. टेबलाच्या पत्त्यात चक्क ‘लोकलहोस्ट’ लिहिलेलं असतं, कारण ते टेबल बनवलं तेव्हा सगळं एकाच मशीनवर होतं. तुमचा वर्कर मग स्वतःवरच नेमनोड शोधत बसतो. त्याला तुमच्याकडे इलाज नाही. तिकडे हाइव्हच्या मेटाटूलनं पत्ते बदलून घ्यावे लागतात. बदलायच्या आधी मेटास्टोअरच्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायला सांगा.

आता सुरक्षा. तिकडचं क्लस्टर केर्बेरॉसशिवाय असेल तर दारं उघडण्याआधीच थांबा. केर्बेरॉस नसलेलं एचडीएफएस क्लायंटनं सांगितलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. ‘मी एचडीएफएस’ असं एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून म्हणाला की तो सुपरयूजर. एकाच खोलीतल्या नेटवर्कवर लोक हे चालवून घेतात. दोन डेटा सेंटरांमध्ये ते चालवून घेऊ नये. निदान दोन्ही बाजूंमध्ये व्हीपीएन असावं आणि तुमच्या आठ मशिनांखेरीज कुणालाही वाट नसावी.

केर्बेरॉस असेल तर लोक थेट दोन रेल्ममधला (केर्बेरॉसच्या दोन स्वतंत्र हद्दींमधला) क्रॉस-रेल्म ट्रस्ट उभारायला निघतात. माझं स्पष्ट मत: एका क्वेरी इंजिनासाठी हे करू नका. ट्रस्टसाठी दोन्हीकडच्या केडीसीमध्ये (तिकिटं देणाऱ्या सर्व्हरमध्ये) एकाच नावाचा प्रिन्सिपल (केर्बेरॉसमधलं खातं), तोच पासवर्ड, तोच की-व्हर्जन क्रमांक, जुळणारे एन्क्रिप्शन प्रकार लागतात, शिवाय नावं स्थानिक यूजरमध्ये बदलायचे नियम तिकडच्या सगळ्या नोडांवर घालावे लागतात. यातला एक स्क्रू सैल राहिला की केर्बेरॉस जी एरर देतो, तिच्यावरून काही कळेल तर शपथ. त्यापेक्षा तिकडच्या रेल्ममध्येच तुमच्या ट्रिनोसाठी एक प्रिन्सिपल बनवून घ्या आणि त्याची कीटॅब फाइल (पासवर्डऐवजी चालणारी, की साठवलेली फाइल) मागा. ट्रिनोमध्ये मेटास्टोअर आणि एचडीएफएस दोन्हींसाठी प्रिन्सिपल आणि कीटॅब कॅटलॉगपुरती वेगळी देता येते. तुमची मशिनं दुसऱ्या डोमेनमध्ये असली तरी बिघडत नाही. केर्बेरॉसच्या केआरबी५ या सेटिंग फाइलमध्ये तिकडच्या रेल्मचा केडीसी आणि ‘या डोमेनची मशिनं या रेल्मची’ ही ओळ एवढं पुरतं. केडीसीचं ८८ पोर्टही उघडायला हवं. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही मागा, किंवा यूडीपी नकोच असं केआरबी५ मध्ये सांगून टाका. मोठी तिकिटं यूडीपीतून जाताना अडकलेली मी पाहिली आहेत.

केर्बेरॉसची बाकी दुखणी नेहमीचीच. घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त सरकलं की तिकीट बाद. सातपैकी एकाच वर्करचा एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) बंद पडलेला असतो आणि त्याच वर्करची कामं पडतात. कीटॅब फाइलची मालकी ट्रिनोच्या यूजरकडे आणि वाचायची परवानगी फक्त त्यालाच. तिकडे कुणी तुमच्या प्रिन्सिपलची की नव्यानं काढली तर जुनी कीटॅब तत्क्षणी निकामी होते. ‘मी फक्त दुसरी कॉपी एक्स्पोर्ट केली’ असं म्हणणाऱ्या ॲडमिननं बहुधा हेच केलेलं असतं, कारण मुळात एक्स्पोर्ट करताना की बदलते.

‘क्लायंट आणि सर्व्हरमध्ये समान प्रोटेक्शन लेयर नाही’ अशा अर्थाची एरर दिसली तर दोन्ही बाजूंचं आरपीसी प्रोटेक्शन (एकमेकांना पाठवलेल्या विनंत्यांचं संरक्षण) वेगळं आहे. तिकडे प्रायव्हसी म्हणजे पूर्ण एन्क्रिप्शन आणि तुमच्याकडे नुसतं ऑथेंटिकेशन. डेटानोडच्या वाहतुकीचं सेटिंग याहून निराळं असतं, तेही जुळवा. काही फोल्डर एन्क्रिप्शन झोनमध्ये असतील तर की सांभाळणाऱ्या केएमएस सेवेपर्यंतही वाट लागते (हडूप ३ मध्ये ९६००, २ मध्ये १६०००). याचं लक्षण ठरलेलं: बाकी सगळी टेबलं वाचता येतात आणि नेमकी दोनतीनच येत नाहीत.

वापरणाऱ्याच्या नावानं वाचायचं असेल, म्हणजे इम्पर्सोनेशन, तर तिकडच्या कोअर-साइटमध्ये तुमच्या ट्रिनो यूजरला प्रॉक्सी यूजर म्हणून मुभा द्यावी लागते. मशिनांच्या यादीत इथंही वर्कर विसरू नका. ही मुभा नेमनोड रीस्टार्ट न करता रिफ्रेश करता येते, तेव्हा ‘पुढच्या महिन्याच्या डाउनटाइमला करू’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तुमचं इंजिन ट्रिनो नसून यार्नवरचं (हडूपच्या कामवाटप यंत्रणेवरचं) स्पार्क असेल तर दारांचं आणि नावांचं वरचं सगळं तसंच लागू. वेगळं एवढंच की स्पार्क जॉब सुरू होतानाच डेलिगेशन टोकन (तात्पुरते परवाने) गोळा करतो, म्हणून दूरच्या फाइल सिस्टमचं नाव त्याला आधीच सांगावं लागतं. शिवाय स्पार्कला आणि डिस्टसीपीला (क्लस्टरांमध्ये फाइली कॉपी करणाऱ्या हडूपच्या साधनाला) एकाच कॉन्फिगमध्ये दोन्ही क्लस्टर दिसतात, त्यामुळे दोन्हीकडच्या नेमसर्व्हिसचं नाव सारखं असेल तर पंचाईत. कॉपीपुरतं दूरच्याला टोपणनाव देऊन निभावतं. टेबलांच्या पत्त्यात मात्र मूळ नाव कोरलेलं असल्यामुळे तिथं टोपणनावाचा उपयोग नाही.

हडूप २ चा जुना क्लायंट घेऊन हडूप ३ च्या क्लस्टरवर जात असाल तर एवढंच बघा की तिकडे इरेजर कोडिंग (पूर्ण प्रतींऐवजी पूरक तुकडे ठेवायची पद्धत) वापरलेलं नाही. ते हडूप ३ मध्येच आलं आणि तशा फाइली जुन्या क्लायंटला वाचता येत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न: हे दुरून चालवावं का?

हिशेब कागदावर मांडा. दोन डेटा सेंटरांमध्ये १ गिगाबिटची लिंक असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी. एक टेराबाइट वाचायला ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास, तेही लिंकवर दुसरं कुणी नसेल तर. १० गिगाबिटला सव्वातेरा मिनिटं. वर्कर कितीही वाढवा, हा आकडा हलत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. उलट सात वर्कर एकदम तुटून पडले की त्याच लिंकवरची बाकीची मंडळी तुमच्या नावानं बोटं मोडतात.

रुंदीपेक्षा लोक विसरतात ती लांबी, म्हणजे लेटन्सी. समजा जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागतात. टीसीपीची विंडो ६४ केबीवर अडकलेली असेल तर एका जोडणीतून सेकंदाला १.६ एमबीच्या वर काही येत नाही, लिंक १० गिगाबिटची का असेना. आजकालचं लिनक्स विंडो आपोआप मोठी करतं, पण मधल्या एखाद्या जुन्या फायरवॉलनं विंडो स्केलिंगचा पर्याय काढून टाकला की पुन्हा ६४ केबी. एका वर्करवरून एकच मोठी फाइल ओढून वेग मोजा, मग आठ फाइली एकदम ओढून मोजा. आठांचा वेग एकाच्या जवळपास आठपट आला तर लिंक रिकामी आहे आणि विंडो अडवतेय.

आणि छोट्या फाइली! ओआरसी किंवा पार्केची (कॉलमवार साठवणाऱ्या प्रकारांची) एक फाइल वाचायची म्हणजे नेमनोडला विचारणं, डेटानोडशी जोडणी, शेवटचा फूटर वाचणं, मग हवे ते कॉलम. अंदाजे सहा फेऱ्या धरा. ४० मिलिसेकंदांच्या हिशेबानं दर फाइलीला पाव सेकंद नुसता वाट बघण्यात. दहा हजार फाइलींचे २,४०० सेकंद. एका वेळी ६४ फाइली वाचल्या तरी जवळजवळ ४० सेकंद, ज्यात कामाचं काहीच झालेलं नाही. हेच काम डेटाच्या शेजारी बसून, अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतरावर केलं तर ती वाट अर्ध्या सेकंदात संपते. तिकडे दर पाच मिनिटांनी छोटी फाइल टाकणारा एखादा जॉब असेल तर आधी त्याच्या फाइली एकत्र करून घ्या. बाकीचं ट्यूनिंग त्यानंतर.

म्हणून मी निर्णय असा घेतो. क्वेरी टाकून एक्स्प्लेन ॲनालाइझ (क्वेरी चालवून तिचा तपशील दाखवणारी कमांड) चालवा आणि प्रत्यक्षात किती बाइट वाचले गेले ते बघा. रोजच्या क्वेऱ्या पार्टिशनच्या अटीमुळे आणि मोजक्या कॉलमांमुळे दोनचार जीबींतच उरकत असतील तर दुरून वाचा, खुशाल वाचा. इथलं छोटं टेबल आणि तिकडचं मोठं टेबल यांचा जॉइन असेल तर ट्रिनोचं डायनॅमिक फिल्टरिंग मोठी मदत करतं: छोट्या टेबलातल्या किल्ल्या आधी गोळा होतात आणि तिकडच्या मोठ्या टेबलाची न लागणारी पार्टिशनं वाचलीच जात नाहीत. फिल्टर तयार होईपर्यंत स्कॅननं थांबायची मुदत त्यासाठी थोडी वाढवावी लागते. जवळच्या क्लस्टरवर दहा सेकंद थांबणं वाया गेल्यासारखं वाटेल, पण दूरच्या लिंकवर तेच दहा सेकंद शेकडो जीबी वाचवतात. मेटास्टोअरची आणि फाइलींच्या यादीची कॅश चालू करा, मात्र तिकडे नवी पार्टिशन आली की ती तुम्हाला उशिरा दिसतील हे वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

तोच डेटा दिवसातून दहा जण वाचत असतील तर दहादा ओढण्यात अर्थ नाही. रात्री कालचं पार्टिशन एकदा इकडे आणा. ट्रिनोमधूनच इन्सर्ट करून आणलं तर नको ते कॉलम तिथंच गळतात आणि फाइली हव्या त्या आकाराच्या बनतात. डिस्टसीपी फाइली जशाच्या तशा आणतं, पण दर मॅपला बँडविड्थची मर्यादा घालता येते, आणि हडूपच्या आवृत्त्या वेगळ्या असतील तर वेबएचडीएफएसवरून (एचडीएफएसच्या एचटीटीपी वाटेनं) चालतं. लक्षात असू द्या, वेबएचडीएफएससुद्धा शेवटी डेटानोडकडेच पाठवतं, त्यामुळे त्यानं फायरवॉलचा प्रश्न सुटत नाही. एकाच दारातून सगळं हवं असेल तर एचटीटीपीएफएस नावाचं गेटवे आहे, १४००० पोर्टवर, पण मग सगळा डेटा एका मशीनमधून जातो. रात्रीच्या पाचपन्नास जीबींसाठी ठीक.

आणि रोजच्या क्वेऱ्या खरोखरच टेराबाइट चाळत असतील तर उलट विचार करा. ट्रिनोचे वर्कर कोऑर्डिनेटरसकट तिकडे, डेटाच्या शेजारी हलवा आणि माणसं इथून कोऑर्डिनेटरला जोडू द्या. मग लिंकवरून जातो तो निकाल: काही हजार ओळी, काही एमबी. फायरवॉलमध्ये एकच पोर्ट. २८० जोड्या नकोत, होस्टनेमची कसरत नको, नव्या डेटानोडची भीती नको. लोकांना हे पटत नाही, कारण मशिनं इथं विकत घेतलेली असतात. पण मी जोडून दिलेल्या दूरच्या क्लस्टरांपैकी बरीचशी वर्षभरात याच वाटेनं गेली.

तुमच्या बाबतीत उद्या सकाळी करायचं काम: तिकडच्या ॲडमिनला डीएफएसॲडमिनचा रिपोर्ट पाठवायला सांगा. त्यात दर डेटानोडपुढे पत्ता आणि पोर्ट दिसेल. पत्ते तुमच्या नेटवर्कवरून पोचणारे असतील तर त्या सबनेटवर ते पोर्ट सातही वर्करांसाठी उघडून घ्या आणि लूप फिरवा. पत्ते आतले निघाले तर आधी होस्टनेमचा पर्याय आणि डीएनएस, मग फायरवॉल. लूप एकही ओळ न छापता संपली की बेरजेची क्वेरी टाका, आणि पहिल्याच क्वेरीनं किती बाइट वाचले तो आकडा लिहून ठेवा. पुढची चर्चा त्या आकड्यावरूनच करावी लागेल.